झाकणं मावशींची

सकाळी ७.१०

तळेगाव-चाकण रस्ता सोडून आत वळलं की पेव्हर ब्लॉकची तीन-चार यार्डं ओळीनं लागतात. त्यातल्या एका यार्डात चारशेसात टेम्पो मागं घेतायत. जानेवारीचा पहिला आठवडा आहे. थर्टीफर्स्टच्या बाटल्या आता भंगारवाल्यांकडून बाहेर पडायला लागल्यात.

काट्याची पावती २३४० किलोची. दर किलोला ८० पैसे. काट्याचे साठ रुपये ड्रायव्हरनं खिशातून भरलेत, ते तो उतरल्याउतरल्या मागतो. फाळका पडतो आणि काच खाली येते. तो आवाज इथल्या कुणाला ऐकूच येत नाही. कुत्रंसुद्धा मान वर करत नाही.

ढिगात फुटक्या क्वार्टर आहेत, बिअरच्या तपकिरी बाटल्यांचे गळे आहेत, सॉसच्या, सरबताच्या बाटल्या, जॅमच्या बरण्या, खिडकीच्या काचेचे तुकडे, एका तसबिरीची अख्खी काच. साबूत बाटली क्वचितच. ती भंगारवाल्यानं आधीच काढून नगावर विकलेली असते. राहिलेल्यातून निवडक रंगाची काच भट्टीला जाते. जुनी काच वाळूपेक्षा कमी उष्णतेत वितळते, म्हणून भट्टीला ती हवीच असते. पण रंगाची भेसळ चालत नाही आणि बारीक तुकडे रंगाप्रमाणे वेगळे करत कुणी बसत नाही. त्यामुळं जे भट्टीला नको, ते इथं.

इथून जवळच, तळेगावात, १९०८ साली पैसा फंडाच्या वर्गणीतून काच कारखाना उभा राहिला होता. टेम्पोवाल्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. त्याला दुसरी खेप मारायची आहे.

सकाळी ७.३५

काच निवडणाऱ्या मावशी कपडे चढवतात. साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाहीचा शर्ट. पायात दोन जोड मोजे, त्यावर गमबूट. हातात आधी सुती मोजे, त्यावर रबरी. रबरी मोज्यांच्या तळव्याला जुन्या जीन्सचं ठिगळ दाभणानं शिवलंय. यार्डाकडून महिन्याला एक जोड मिळते. ती बारा-पंधरा दिवस टिकते. पुढचे दिवस ठिगळावर काढायचे.

गॉगल आहे, पण सकाळच्या गारठ्यात तो धुरकटतो. तो कपाळावर राहतो. क्रशर चालू झाला की खाली येतो.

रोज पाचशे. महिन्याला चार सुट्ट्या, त्या बिनपगारी. त्याहून जास्त खाडे झाले तर सुपरवायझर विचारतो. परवा एक खाडा झाला, नातीला दवाखान्यात न्यायचं होतं. मावशींचं वय पन्नाशीच्या पुढं. हा धंदा मात्र त्यांच्या घरात जुना. सासू पुण्यात काच-पत्रा वेचायची. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिचं ओळखपत्र सासूकडं होतं. मावशी सांगतात, "त्या कार्डावर पहिला फोटो निघाला तिचा. लग्नात सुदिक निघाला नव्हता."

सकाळी ८.००

निवडायला बसायचं नाही, उभं राहायचं. लोखंडी टेबल आहे, वर जाळी ठोकलेली. फावड्यानं काच टाकायची, हातानं पसरायची. माती आणि कचरा जाळीतून खाली पडतो. समोर तीन पिंपं. एक पांढऱ्या काचेचं, एक मिक्सचं, एक 'नको'चं.

पांढरे मोठे तुकडे जमवून व्यापाऱ्याला परत विकतात, त्याला भट्टीचा भाव येतो. मिक्स ब्लॉकमध्ये जातं. 'नको'मध्ये कपबशीचे तुकडे, चिनी माती, आरसे, गाडीची मधे प्लॅस्टिक असलेली काच आणि ओव्हनमध्ये चालणारी काचेची भांडी. ट्यूबलाइट आणि सीएफएल दिसले की मावशी ते फोडत नाहीत, उचलून पार लांब भिंतीशी उभे करतात. आत पारा असतो, हे त्यांना सुपरवायझरनं सांगितलंय. भांड्याची काच आणि बाटलीची काच त्या नखानं वाजवून ओळखतात. मी दोन्ही वाजवून बघतो. मला सारखंच ऐकू येतं.

यापुढचं काम हळू चालतं. बाटलीच्या गळ्याला अॅल्युमिनियमचं झाकण असतं. ते निघालेलं असलं तरी खालची कडी गळ्याला तशीच राहते. मावशी डाव्या हातात गळा धरतात, उजव्या हातात पक्कड. कडीत टोक घालायचं, एक पीळ, कडी तुटते. झाकण असलं तर जुन्या स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटायचं. कडी आणि झाकण दोन्ही उजवीकडच्या तेलाच्या डब्यात. डब्याकडं न बघता टाकतात. टिंग आवाज आला की पुढचा गळा.

हा डबा मावशींचा. पहिल्यापासूनचा रिवाज आहे, झाकणं निवडणारीची. भंगारात अॅल्युमिनियमला, मळकट असलं तरी, किलोला नव्वद रुपये येतात. किलोभर व्हायला साडेपाचशे-सहाशे झाकणं लागतात. दिवसाला पाव किलोच्या आसपास जमतं. महिन्याला पाच-साडेपाचशे रुपये.

"एक रोज जास्तीचा पडतो," मावशी म्हणतात. "बिनखाड्याचा."

सकाळी ९.१५

चहा येतो. टपरीवरचा, थर्मासमधून, कटिंग दहा रुपये. हिवाळ्यात यार्ड देतं, उन्हाळ्यात आपला आपण.

सुपरवायझर मोटरसायकल लावतो. सिव्हिलचा डिप्लोमा झालेला, पंचविशीचा. कप हातात घेऊन तो डब्याकडं बघतो आणि मग मावशींकडं.

"मावशी, शेठ म्हणत होते, पुढच्या महिन्यापासून झाकणं यार्डाच्या हिशेबात धरायची. भाव वाढलाय ना."

मावशी चहा संपवतात. कप विसळतात.

"शेठ येणारेत का आज?"

"संध्याकाळी."

"येऊ द्या."

सकाळी ९.४५

पलीकडच्या शेडमध्ये कालचे ब्लॉक साच्यातून काढतायत. थंडीत सिमेंट सावकाश धरतं, त्यामुळं चोवीस तासांआधी साच्याला हात लावत नाहीत. प्लॅस्टिकचा साचा गरम पाण्याच्या टाकीत क्षणभर बुडवायचा, तो सैल होतो. मग उलटा करून दणका. ब्लॉक गुळगुळीत बाजूनं बाहेर येतो. झिगझॅग आकार, जाडी ६० मिलिमीटर, वजन चार किलोच्या जरा आत.

सुपरवायझर मावशींना हाक मारतो. परवाच्या मालाचे ब्लॉक एका बाजूला काढून ठेवलेत. पृष्ठभागावर फोड आल्यासारखे खड्डे. एका खड्ड्यात मावशी नखानं टोकरतात. करड्या धातूची चकती निघते, तांदळाच्या दाण्याहून लहान.

"कडी," त्या म्हणतात.

सिमेंट ओलं असताना आत अॅल्युमिनियम राहिलं की ते सिमेंटमधल्या क्षाराशी भिडतं. हायड्रोजन वायू सुटतो. तो वर यायची वाट शोधतो आणि माल फुगतो. क्रशरच्या तोंडावर चुंबक लावलेलं आहे. बिअरची पत्र्याची बुचं ते पकडतं. अॅल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही. ते क्रशरमध्ये जातं, तिथं त्याच्या चिंध्या होतात आणि एका गळ्याची कडी पंधरा-वीस ब्लॉकमध्ये वाटली जाते.

परवा मावशींचा खाडा होता. टेबलावर एक पोरगा लावला होता, ठेकेदाराचा. त्याला डबा दिला नव्हता.

असे खराब ब्लॉक किती? सुपरवायझर मोजतो. सिमेंटच्या एका गोणीच्या मालात चौसष्ट बसतात, त्यातले एकेचाळीस बाद. विकायचा भाव नगाला अकरा रुपये. त्यानं मोबाइलवर गुणाकार केला आणि मोबाइल खिशात ठेवला.

मावशी त्यातला एक ब्लॉक उचलून आपल्या टेबलाखाली ठेवतात.

सकाळी १०.३०

धुणं. सिमेंटचा हौद, कंबरेएवढा. पाणी बोअरचं, या दिवसात हाडं गोठवणारं. निवडलेली मिक्स काच लोखंडी जाळीच्या टोपलीत भरायची, हौदात बुडवायची, लांब दांड्यानं ढवळायची. कागदाची लेबलं सुटून वर येतात. ती झाऱ्यानं काढायची. टोपली वर घेताना दोघं लागतात. दुसरा माणूस क्रशरवरचा बिहारी ऑपरेटर.

इथं कंटाळा करून चालत नाही. सरबताच्या, सॉसच्या, जॅमच्या काचेला साखर चिकटलेली असते. साखर सिमेंटचं घट्ट होणं लांबवते. थोडी गेली तरी दुसऱ्या दिवशी साचा उघडला की ब्लॉकची कड हातात येते. मावशी धुतलेला तुकडा बोटानं घासून बघतात. चिकट लागला तर टोपली परत हौदात.

वापरलेलं पाणी शेजारच्या दुसऱ्या हौदात निवळतं आणि परत इकडं येतं. टँकर बोलवावा लागला तर हजार-बाराशे जातात, म्हणून पाणी ओतून द्यायची कुणाची छाती होत नाही.

हात बाहेर काढल्यावर बोटांची टोकं पांढरीफटक. मावशी ती काखेत धरून उभ्या राहतात. मिनिटभरच.

सकाळी ११.४५

गॉगल खाली. कानात कापूस. तोंडाला ओढणी, तिच्या आत मास्क.

क्रशर म्हणजे हातोड्यांचा. आत फिरणाऱ्या पट्ट्या काचेला हाणतात. दहा हॉर्सपॉवरची मोटर. तोंडाशी पाण्याची बारीक फवारणी, धूळ बसावी म्हणून. मावशी घमेल्यानं भरतात, ऑपरेटर ढकलतो. बोलणं खुणांनी.

खाली फिरती चाळणी. तिथून तीन तऱ्हा निघतात आणि त्यांची नावं सगळ्या यार्डात स्वयंपाकघरातलीच आहेत: पीठ, रवा, भरड. पीठ म्हणजे दोनशे नंबरच्या जाळीतून उतरलेली पूड, ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक. रवा पावणेपाच मिलिमीटरच्या आतला. त्याहून मोठी ती भरड, ती परत क्रशरमध्ये.

रव्याचं आणि पिठाचं काम वेगळं. रवा क्रश सँडच्या जोडीला जातो. काचेतही सत्तर टक्क्यांच्या वर सिलिकाच असते, म्हणून वाळूची जागा ती घेऊ शकते. पीठ सिमेंटच्या जोडीला जातं. एवढी बारीक झालेली काच सिमेंटच्या चुन्याबरोबर हळूहळू स्वतःच धरायला लागते आणि ताकद वाढवते. यार्डाला खरा फायदा तिथं आहे. क्रश सँड किलोला रुपयाच्या आसपास पडते, म्हणजे ८० पैशांची काच निवडून, धुऊन, दळून तिच्यापेक्षा महागच. सिमेंट मात्र किलोला सात रुपये.

मोटर बंद होते. मावशी रबरी मोजा काढतात, सुती मोजा काढतात आणि उघडा हात रव्याच्या ढिगात घालतात. मूठ भरून दाबतात. उघडून दाखवतात. हिरवट, तपकिरी कण तळव्यावर चमकतात. रक्ताचा थेंब नाही. इतक्या बारीक कणाची धार मेलेली असते. टोचलं असतं तर चाळणीची जाळी फाटलीय, असं समजायचं.

डाव्या अंगठ्याखाली एक जुना पांढरा व्रण आहे. तो मोठ्या काचेचा. सहा टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. औषधाचे पैसे यार्डानं दिले, चार दिवसांचा रोज दिला नाही.

दुपारी १.००

जेवण शेडमध्ये नाही. गेटबाहेर, बाभळीखाली. मावशी आधी शर्ट काढून दोरीवर झटकतात. पदर झटकतात. तोंड धुतात, चूळ भरतात, परत चूळ भरतात. मग डबा उघडतात. ज्वारीच्या दोन भाकरी, मेथीची सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी. भाकरीवरचा फडका शेवटच्या घासापर्यंत निघत नाही. एक कोपरा वर करायचा, तुकडा मोडायचा, फडका खाली.

ऑपरेटर भात खातो. मावशी त्याला चटणी देतात. "तीखा है, पानी लेके बैठ." तो हसतो.

दुपारी १.४५

दुपारनंतर मावशी मालाच्या बाजूला असतात. रवा आणि पीठ मोजून द्यायचं काम त्यांचं.

एका गोणीचा माल असा: सिमेंट पन्नास किलो. फ्लाय अॅश बारा, ती नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली. क्रश सँड साठ, काचेचा रवा पंधरा. बारीक खडी शंभर. पाणी बावीस लिटर, त्यात औषध. औषध म्हणजे प्लास्टिसायझर. तो टाकला की कमी पाण्यात माल मऊ राहतो. शिवाय काच पाणी पीत नाही, हेही ध्यानात ठेवावं लागतं. नवखा माणूस नेहमीच्या सवयीनं पाणी ओततो आणि माल पातळ होतो. आज पीठ घालत नाहीत. ते आठवड्यातून दोनदा, वेगळ्या मापानं.

फ्लाय अॅश कशाला, ते मी सुपरवायझरला विचारतो. तो मिक्सरकडं बघतच सांगतो. सिमेंटमध्ये अल्कली असते, काचेत सिलिका. दोघांची गाठ पडली की एक चिकट जेल तयार होतं. ते पाणी ओढतं, फुगतं आणि काँक्रीट आतून तडकतं. लगेच नाही. काही महिन्यांनी, वर्षांनी. "कॉलेजात शिकलो होतो. स्टँटन म्हणून इंजिनिअर होता कॅलिफोर्नियात. १९४० मध्ये त्यानं शोधलं, तिथले रस्ते का तडकतायत ते. तिथं खडी तशी होती. आपल्याकडं काच आहे." फ्लाय अॅश त्या अल्कलीला आधीच गुंतवून ठेवते. म्हणून रवा पंधराच्या वर जायचा नाही आणि फ्लाय अॅश बाराच्या खाली यायची नाही. हे भिंतीवर खडूनं लिहिलंय. कुणीतरी आकड्यांखाली दोन रेघा मारल्यात.

दुपारी ३.००

टेबल थरथरतं. व्हायब्रेटर टेबल. साचे त्यावर मांडायचे, माल भरायचा. बुडबुडे वर येतात, फुटतात, माल खाली बसतो. चौघं पोरं. एक भरतो, एक थापीनं सारखं करतो, दोघं साचे उचलून मांडणीवर नेतात. साच्यासकट वजन साडेचार किलो धरलं तरी दोन हातात दोन, दिवसभर.

त्यांना रोज नाही, नगावर आहे. ब्लॉकमागं अडीच रुपये, चौघांत वाटून. बाराशे निघाले तर माणशी साडेसातशे. बाद झालेला ब्लॉक मोजत नाहीत. परवाच्या एकेचाळीसांचे पैसे त्यांच्या हिशेबातूनही गेले. त्यातला एक मावशींना म्हणतो, "मावशी, खाडा करत जाऊ नका बरं."

"नातीला ताप आणू नको म्हणावं, तुझं नाव सांगते."

दुपारी ४.२०

पाणी मारायची वेळ. पंधरा दिवसांपूर्वीपर्यंतचे थर ओळीनं रचलेत. मावशी पाइप धरतात. ब्लॉक चौदा दिवस भिजते ठेवायचे. वाळलेला ब्लॉक पाणी पिताना बारीक सुसू आवाज येतो. काल नीट भिजलेला असला तर येत नाही. मावशी आवाज ऐकत पुढं सरकतात.

कडेला अठ्ठावीस दिवस झालेला एक थर आहे. त्यातले नमुने उद्या लॅबला जायचेत. ६० मिलिमीटरचा ब्लॉक, हलक्या वाहतुकीसाठी, एम-३५ ग्रेड. एवढी ताकद भरली की माल जाणार. पिंपरी-चिंचवडकडच्या एका सोसायटीचं पार्किंग आहे. तिथल्या लोकांना यात काच आहे हे सांगितलंय का? "सांगितलंय," सुपरवायझर म्हणतो. "त्यांचा एकच प्रश्न होता, टायर फाटेल का."

संध्याकाळी ५.१०

शेवटचं काम झाडणं. काचेच्या यार्डात झाडू लोखंडी तारेचा लागतो. मावशी टेबलाखालून, हौदाभोवतीनं झाडत येतात. गोळा झालेलं सगळं जाळीवर परत. त्यातून तीन कड्या निघतात. त्या डब्यात.

डबा हलवून बघतात. आज पाव किलोच्या वर असेल, बाटल्या जास्त होत्या.

संध्याकाळी ५.३०

शेठची गाडी येते. ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली, टेबल, दोन खुर्च्या, गणपतीचा फोटो, सिमेंट कंपनीचं कॅलेंडर. शेठ हजेरीवही काढतात. मावशी दारात उभ्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात ब्लॉक.

"या मावशी. ते झाकणांचं सांगितलं ना यानं? सगळं वजनावर आलंय आता. हिशेबात धरायला लागतंय."

मावशी डबा टेबलावर ठेवतात. शेजारी ब्लॉक ठेवतात, खड्ड्याची बाजू वर करून.

"धरा की. महिन्याची झाकणं पाच-साडेपाचशेची. हा परवाचा ब्लॉक. मी नव्हते त्या दिवशीचा."

शेठ ब्लॉक फिरवून बघतात. सुपरवायझरकडं बघतात.

"एकेचाळीस," सुपरवायझर म्हणतो. "एका गोणीत."

"साडेचारशे रुपये," शेठ पुटपुटतात. "एका गोणीत."

"गळ्याची कडी काढायला पक्कड लागती अन् येळ लागतो," मावशी म्हणतात. "झाकण माझं हाय म्हणून मी कडी बघते. उद्या तुमचं झालं तर मी काच बघीन. काच तर निवडते मी, तिच्यात खोट न्हाई राहायची. पण कडीला मग कुणी बघायचं, ते तुमी ठरवा."

शेठ डब्यात हात घालून मूठभर झाकणं वर घेतात, परत सोडतात. खुर्ची मागं सरकवतात.

"राहू दे. आहे तसं चालू दे."

"चालू ऱ्हाऊ द्या. अन् आणखी एक. हातमोजे महिन्याला दोन जोड पाहिजेत."

"आता हे मधेच काय?"

मावशी उजवा हात पुढं करतात. ठिगळाची एक बाजू उसवलीय, दोरा लोंबतोय.

शेठ हसतात. "बरं. एक जोड आपली नेहमीची. दुसरी अर्ध्या किमतीत देतो. झालं?"

"पूर्ण द्या शेठ. अर्धं तिकीट एसटीत असतंय."

सुपरवायझर खिडकीकडं तोंड फिरवतो. शेठ पेनाचं टोपण काढतात आणि हजेरीच्या खाली लिहितात: हातमोजे, २ जोड. मावशी वाकून आकडा बघतात, डबा उचलतात आणि सहाच्या गाडीसाठी निघतात.